पाहुण्यांचे पास

फॉर्म इंग्रजीत असता तर बाबूरावांनी तो न वाचताच सही करून पाठवून दिला असता. आजवरचे सगळे तसेच पाठवले होते. पण दोन विमान कंपन्यांची मिळून एक झाली, आणि त्या नव्या थोरल्या कंपनीला कुठून कोण जाणे, सगळ्यांना सगळं समजलं पाहिजे अशी हौस आली. तिनं फॉर्म सहा भाषांत काढला आणि नीरजानं, बाबांना बरं पडेल म्हणून, त्यातला नेमका मराठी धाडला. सकाळचे दोन अभिषेक उरकून, सोवळं दोरीवर टाकून, बाबूराव तुळजापुरातल्या आपल्या घराच्या ओट्यावर चहा घेत बसले होते. पहिली सहा कलमं त्यांनी चहाबरोबर गिळली. नाव, वय, नातं, विमानतळावर नीटनेटका पोशाख, जागा न मिळाल्यास तक्रार करणार नाही वगैरे. सातव्याला कप बशीत टेकला. 'मला, अथवा माझ्या शिफारशीवरून इतरांना, मिळालेल्या प्रवास-सवलतीच्या बदल्यात मी कोणाकडूनही रोख, वस्तू वा सेवा या स्वरूपात मोबदला घेतलेला नाही.' त्यांनी ते पुन्हा वाचलं, ओठ हलवत, एखादं अक्षर सुटलं असेल तर अर्थ बदलेल अशा बेतानं. अक्षर सुटलं नव्हतं.

वास्तविक 'मी' या शब्दाशी बाबूरावांची चाळीस वर्षांची घसट. संकल्प सांगताना रोज पन्नास वेळा ते 'मी' म्हणत. मी अमुक गोत्राचा, अमुक नावाचा, सहकुटुंब सहपरिवार अमुक करीन. कधी लातूरचा डॉक्टर, कधी बिदरचा आडत्या, कधी पोलीस पाटील. यजमान समोर हातात पाणी घेऊन बसलेला, आणि त्याचा 'मी' बाबूरावांच्या तोंडातून घडघडा वाहायचा. त्या 'मी'नं काय कबूल केलं आणि काय केलं नाही याचा जाब बाबूरावांना विचारायला कुणी येत नव्हतं. इथं मात्र फॉर्मच्या तळाशी चौकोन होता आणि त्यात त्यांचंच नाव छापून आलं होतं.

फोन वाजला तो नीरजाचाच. एकुलती एक लेक, सहा वर्षं हैदराबादच्या विमानतळावर काउंटरला उभी राहते.

"बाबा, मिळाला का फॉर्म? आज सहाच्या आत पाहिजे. तुमचा अन् आईचा, वेगवेगळा."

"एवढी काय घाई असते तुमची?"

"नवी कंपनी आहे. लग्न कंपन्यांचं झालं अन् कपाटं आमची उघडून बघायलेत. आमच्यातल्या एकाला परवा घरी बसवलं. मेव्हण्यानं त्याचा पास विकला होता म्हणे."

"विकला?"

"हो ना. कसली माणसं असतात. मी तर माझा कालच भरून दिला. माझ्या माहितीप्रमाणे असा कुठलाही प्रकार झालेला नाही, एवढंच तर लिहायचं असतं. तुम्ही करा सही, अन् आईची घ्या. बाराव्या तारखेचं गुवाहाटीचं नाव नव्या यादीत घालायचंय मला."

आत शारदाबाई शेंगदाणे भाजत होत्या. बाराला गुवाहाटी, म्हणून आजपासूनच शेंगांच्या पोळ्यांची तयारी. त्यांची धाकटी बहीण अयोध्या तिकडं दिलेली, नवरा तेलाच्या कारखान्यात. सहा महिन्यांपूर्वी ती न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून पलंगावर. फोनवर ती बोलायची कमी आणि रडायची जास्त. शारदाबाईंनी आपला फॉर्म केव्हाच आणवून घेतला होता, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून, आणि चौकोनाच्या बाहेर जाईल इतकी लांबलचक सही ठोकून तो फ्रिजवर ठेवला होता.

"काय वाचायलात एवढं?" त्या कढईवरून म्हणाल्या. "सही करा अन् द्या धाडून."

"वाचल्याशिवाय सही करू नये माणसानं."

"आजवर कधी वाचलंत?"

बाबूराव उठले, कपाटातून पाच हजार काढले, देवघरातल्या वाटीतून एक रुपयाचं नाणं घेतलं, सगळं लिफाफ्यात घातलं आणि म्हणाले, "उमरग्याला जाऊन येतो. रेवणप्पाकडं जरा काम आहे." शारदाबाईंनी झारा तसाच धरून त्यांच्याकडं पाहिलं. उमरगा काही कोपऱ्यावर नव्हता. पण त्यांनी विचारलं नाही, आणि न विचारण्याचं बाबूरावांना विचारण्यापेक्षा जास्त लागलं.

एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली. बाबूराव वाटभर हिशेब मांडत होते, म्हणजे आपल्या बाजूचा. घडलं होतं ते इतकंच: कंपनी नोकरांच्या आईबापांना नुसता कर भरून विमानात बसू द्यायची, अर्थात जागा उरली तर, आणि त्याशिवाय वर्षाला चार पास पाहुण्यांसाठी. नीरजाला पाहुणे कुठले? कामावरून खोलीवर, खोलीवरून कामावर. ते पास दरवर्षी तसेच वाळून जायचे. तीन वर्षांमागं उमरग्याचा टायरवाला रेवणप्पा, पिढीजात यजमान, फोनवर अक्षरशः ओरडत होता: पोरगी दिल्लीला वसतिगृहात, डेंगीनं अॅडमिट, प्लेटलेट उतरलेत, रेल्वेनं पोचेपर्यंत काय होईल. बाबूरावांनी नीरजाला सांगितलं, आपलाच माणूस आहे. नीरजानं पास काढून दिला. माणूस त्याच दिवशी पोचला. पोरगी जगली. यात गैर शोधून सापडलं नसतं. पंधरा दिवसांनी रेवणप्पा सहकुटुंब दर्शनाला आला, अभिषेक केला, बाबूरावांच्या घरी जेवला, आणि निघताना लिफाफा ठेवून पाया पडला. यजमान ठेवतो, उपाध्याय घेतो. आजोबांनी घेतलं, वडिलांनी घेतलं. नाही म्हटलं तर यजमानाला अपशकुन वाटतो. तेव्हा मोबदला हा शब्द त्या ओट्यावर आलाच कुठून? तो कंपनीचा शब्द होता, तुळजापूरचा नव्हे. तरीही सावधगिरी म्हणून लिफाफा परत करून टाकावा, मग सातवं कलम आपोआप खरं होईल, आणि सही करायला पेन कुठलंही चालेल.

एवढं मनाशी पक्कं झालं तोवर नळदुर्ग आलं, आणि गाडीत चढणाऱ्या माणसांबरोबर माकणीचा युवराजही चढला. म्हणजे प्रत्यक्षात नव्हे. धरणाच्या बाजूची बागायत, नवं लग्न, बायकोला गोव्याला विमानानंच न्यायचं असा हट्ट. त्याला कुणाचा आजार नव्हता की घाई नव्हती. त्यानं उमरग्याच्या बाजारात ऐकलं होतं की तुळजापूरच्या गुरुजींकडं विमान असतं. बाबूरावांना ते वाक्य आवडलं होतं, खोटं कशाला बोला. नीरजाला त्यांनी पुन्हा सांगितलं, आपलाच माणूस आहे. दोन पास गेले. जोडपं परत आलं, नमस्काराला वाकलं, आणि पोरगा वाकून उठला तरी खिशाकडं हात जाईना. तेव्हा बाबूरावांनी, सहज, कुंकवाचं तबक जरा पुढं सरकवलं होतं. किती? वीतभर. चटईवर पितळ घासल्याचा तो आवाज आता गाडीच्या खडखडाटातही त्यांना वेगळा ऐकू आला. त्यांनी खिडकीची काच वर केली, मग धूळ आली म्हणून खाली केली, मग पुन्हा वर. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावून विचारलं, "काका, उघडी ठेवायचीय का बंद, एक काय ते ठरवा की." त्यांनी बंद केली. येणेगूरला शिवलिंगप्पा आला. कलबुर्गीचा तूरडाळवाला, त्याला चेन्नईला व्यवहार होता. त्यानं सरळच विचारलं होतं, कितीला पडंल? आणि बाबूराव म्हणाले होते, तुम्हीच समजून घ्या. हे चार शब्दसुद्धा नव्हते. पहिल्या वेळी त्यांनी नुसतं घेतलं, दुसऱ्या वेळी हात हलवला, तिसऱ्या वेळी तोंड हलवलं. एकापाठी एक ठेवून पाहिलं की त्याला पायऱ्यांसारखं रूप यायचं, म्हणून ते एकापाठी एक ठेवत नव्हते. लिफाफा एकच होता खिशात. एकाचाच बंदोबस्त आधी.

आणि या सगळ्यात सुख कुठं होतं, तर ते पैशांत नव्हतंच, असं त्यांना वाटू लागलं. निदान दाळिंब येईपर्यंत वाटत राहिलं. सुख होतं विमानतळावरच्या त्या शेवटच्या अर्ध्या तासात. पैसे भरलेले सगळे आत जाईपर्यंत खुर्चीत बसून राहायचं, कुणाला सांगायचं नाही की आपण नोकरांचे नातलग, आणि मग दारातली मुलगी यादी बघून नाव घ्यायची. आयुष्यभर दुसऱ्यांना रांगेत उभं करणाऱ्या माणसाचं कुणीतरी नाव पुकारायचं. तो पुकारा कानात घेऊन ते आत जायचे, आणि वरून जमीन बघायचे: तांबूस, ठिगळाठिगळाची, कुठं तुळजापूर कुठं काय, सगळं सारखंच. अकरा वेळा बसले होते. शारदा दोनदा. गेल्या वर्षी दोघं मिळून गुवाहाटीलाच निघाले होते, तेव्हा दारातली मुलगी म्हणाली, सर, एकच जागा आहे. शारदा म्हणाली, तुम्ही जा पुढं. आणि ते गेले. बायकोला मागं ठेवून तिच्याच बहिणीकडं चार दिवस राहून आले, चहाची पुडकी घेऊन आले. कुणीतरी भेटून येणं महत्त्वाचं, असं त्यांनी परतल्यावर सांगितलं होतं, आणि शारदानं चहा डब्यात भरला होता. अयोध्या तेव्हा चालत होती.

रेवणप्पाचं दुकान हायवेला लागूनच. टायरच्या चळतींमध्ये ऊन शिरत नव्हतं. रबराचा वास तेवढा ठासून भरलेला. त्यानं बाबूरावांना पाहिलं आणि खांद्यावरच्या टॉवेलनं स्वतः खुर्ची पुसली.

"गुरुजी? तुम्ही कसं काय आलाव? फोन केला असता तर गाडी धाडली असती की ओ."

"सहज आलो. सृष्टी कशी आहे?"

"मजेत. पुण्यात नोकरीला लागली. तुमची मेहरबानी गुरुजी, त्या दिशी पोचलो नसतो तर लेकरू एकटं होतं तिथं." त्यानं पलीकडच्या टपरीला दोन बोटं दाखवली. चहा आला.

बाबूरावांनी लिफाफा काढून टेबलावर ठेवला. "हे परत द्यायला आलो."

रेवणप्पाचे दोन्ही हात टेबलाखाली गेले. चेहराच उतरला. "देवीआईनं परत धाडलं?"

"आईचा काही संबंध नाही."

"मग कुणाचा?"

"कंपनीचा," बाबूराव म्हणाले, आणि फॉर्म, सातवं कलम, सहा वाजायची मुदत हे सगळं त्यांनी सांगितलं. सांगताना ते फार सोपं वाटलं. लिफाफा त्या बाजूला गेला की झालं.

रेवणप्पानं ऐकून घेतलं. तो हिशेबी माणूस होता. त्याला घाई नव्हती. "म्हंजे आता मी हे घेतलं, तर तुम्ही तवा घेतलंच न्हाय, असं होतंय का?"

"तसं... होतं."

"कसं होतंय गुरुजी? टायर नेला, तीन वर्सं पळवला, अन् परत आणून ठेवला, तर मी तो नवा म्हणून विकू काय?" तो हसला नाही. "आन् दिलेलं दान मी परत घेऊ? माझ्या घरात काय बरकत राहील?"

"अहो, पण ते तुम्ही अभिषेकाचे म्हणूनच ठेवले होते ना?" बाबूरावांचा आवाज जरा वर चढला. त्यात विनवणी होती, ती त्यांना स्वतःलाच ऐकू आली.

"अभिषेकाचं तर सकाळीच दिलं होतं की, पाचशे एक, तुमच्याच हातात. हे विमानाचं. फुकट कसं बसणार मी? त्या दिशी तिकीट बावीस हजाराला चाललं होतं. आमी कुणाचं फुकट खात न्हाय, गुरुजी. मला वाटलं तुम्हाला कळलं आसंल."

बाहेर एक ट्रक दाबून हॉर्न वाजवत गेला. तो जाईपर्यंत बोलण्यात अर्थ नव्हता, आणि तो फार लांब होता, हैदराबादकडं निघालेला, मागं जोडगाडी असलेला. बाबूरावांना त्याची सगळी चाकं मोजता आली असती.

"कळलं होतं," ते म्हणाले.

"मग झालं तर." रेवणप्पानं कपाकडं बोट केलं. "चहा घ्या. गार व्हायलाय."

उमरग्याच्या स्टँडवर त्यांनी दोन गाड्या सोडल्या. बसवत नव्हतं, उभंही राहवत नव्हतं. कन्नड पाटी लावलेली एक गाडी येऊन उभी राहिली, तीत चढावं आणि कुठंही उतरावं असं एकदा मनात आलं. असं त्यांच्या मनात चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदाच येत होतं. लिफाफा खिशात मघापेक्षा जाड लागत होता. दोन वाटा होत्या. सही करायची; कंपनीला उमरगा ठाऊक नाही. किंवा सही करायचीच नाही, आपलं नाव गळू द्यायचं, प्रकृतीला सोसत नाही म्हणायचं. पण मग कंपनीतलं कुणी विचारलं, अकरा वेळा सोसलं आणि आत्ताच काय झालं, तर नीरजा काय सांगणार? पासांवरची नावं तर तिच्याच खात्यावरून गेलेली. ती तिकडं काउंटरला उभी, केस घट्ट बांधून, गळ्यात नव्या कंपनीचा रुमाल. आणि तिच्या पायाखाली काय पुरलंय ते फक्त आपल्याला माहीत. त्यांनी फोन लावला, आणि लावल्यावर त्यांना कळलं की आपण ठरवलेलं काहीच नाही.

"बाबा, लवकर बोला, काउंटरवर आहे."

"त्या सातव्या कलमाचं... मी घेतले होते."

"काय घेतले होते?"

"पाहुण्यांच्या पासाचे. म्हणजे यजमानांनी दिले ते."

मागं कुणीतरी चेन्नईच्या प्रवाशांना बोलावत होतं, तीन भाषांत. नीरजानं तिन्ही पूर्ण होऊ दिल्या.

"किती जणांकडून?"

"एक..." बाबूराव म्हणाले. "तीन."

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"मला का सांगितलंत?"

असा प्रश्न येईल हे त्यांच्या गावीही नव्हतं. सांगितलं की मोकळं वाटेल, ती रागावेल, आपण ऐकून घेऊ, इथवरच त्यांनी पाहिलं होतं. "म्हणजे? सांगायला नको होतं?"

"काल मी लिहून दिलंय, माझ्या माहितीप्रमाणे. काल ते खरं होतं बाबा." ती फार हळू बोलत होती, समोर प्रवासी असताना बोलतात तसं. "आता नाही राहिलं. मी करते फोन पंधरा मिनिटांनी."

पंधराची पस्तीस झाली. त्या पस्तीस मिनिटांत बाबूरावांनी रसवंतीचं चाक फिरताना पाहिलं, घुंगरू एका लयीत वाजायचं आणि चिपाड अडकलं की चुकायचं. दर वेळी ते चुकायची वाट पाहू लागले. लहानपणी नीरजा यजमानांच्या पंगतीत वाढायची, चार वर्षांची, मिठाची वाटी घेऊन, आणि ज्याला वाढलं त्याला पुन्हा वाढायची नाही. कोण राहिलं तेवढं तिच्या बरोबर ध्यानात असायचं. हे आत्ताच का आठवलं? त्यांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"मी आमच्या मॅडमला सांगितलं," नीरजा म्हणाली. आवाजावरून ती कुठंतरी बंद खोलीत होती. "तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही दोन दिवस घेतले असते. आपण होऊन सांगितलं तर मेमो देतील, अन् दोन वर्षं सगळ्यांचे पास बंद. माझे, तुमचे, आईचे. नोकरी राहील बहुतेक. बहुतेक असंच म्हणाल्या त्या."

"आईचा का पण? तिनं काय केलं?"

"सगळे एकाच खात्यात येतात, बाबा. तुमचं लेखी पाहिजे, सहाच्या आत. कुणाला पास दिला, कधी, त्याच्याकडून काय घेतलं. पुरं लिहा. यातलं काही राहिलं अन् त्यांना मागून सापडलं, तर मग बहुतेक वगैरे काही नाही. कळायलंय ना तुम्हाला?"

"दक्षिणा घेतली, असं लिहू?"

"तिकडं दक्षिणा कुणाला कळणार? पैसे लिहा." मग ती म्हणाली, "आईला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

परतीच्या गाडीत खिडकी मिळाली नाही. उभ्यानं, दांड्याला धरून, बाबूराव शारदाला सांगायच्या वाक्याची जुळवाजुळव करत होते, आणि जे वाक्य सगळ्यांत आधी तयार होऊन पुढं आलं ते असं: दोन कंपन्या एक झाल्या, नव्यांनी आईबापांचे पास बंद केले, आपल्या हातात काय असतं. किती गुळगुळीत वाक्य होतं. गल्लीत कुणालाही सांगा, मान डोलावेल. थोरल्या कंपन्या धाकट्यांना गिळतात आणि पहिला घास नोकरांच्या सवलतीचा घेतात, हे पेपरवाल्यालाही माहीत. नीरजा तर सांगणार नव्हतीच. वाक्य इतकं चांगलं होतं की नळदुर्गपर्यंत त्यांनी ते चार-पाच वेळा म्हणून पाहिलं, आणि दर वेळी ते संकल्पासारखं सहज निघालं, दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं.

घरी शारदाबाई पोळपाटासमोर होत्या. कापडावर शेंगांच्या पोळ्या गार व्हायला पसरलेल्या, बाजूला अयोध्यासाठी घेतलेला नवा झाकणाचा डबा. बाबूराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे राहिले. "कंपनीनं..." त्यांनी सुरुवात केली.

"काय कंपनीनं?"

आणि मग ते गुळगुळीत वाक्य आलंच नाही. म्हणजे होतं तिथंच, जिभेच्या मागं, पण शारदाच्या कोपरापर्यंत दाण्याचं कूट माखलेलं होतं आणि तिच्या सहीचा कागद अजून फ्रिजवर होता. बाबूरावांनी रेवणप्पा सांगितला, युवराज सांगितला, शिवलिंगप्पा सांगितला. तबकाचंही सांगितलं. दोन वर्षं पास बंद, म्हणजे गुवाहाटीही बंद, हे शेवटी सांगितलं, भिंतीकडं बघून. शारदाबाईंनी तव्यावरची पोळी उलटली, शेकली, काढली, आणि मग गॅस बंद केला.

"नीरजाची नोकरी जाईल का?"

"पुरं लिहून दिलं तर नाही जाणार. बहुतेक."

"मग लिहा. साडेपाच व्हायला आले."

ओट्यावर बसून त्यांनी रेघी कागदावर लिहिलं. अक्षर वळणदार होतं, चाळीस वर्षं पत्रिका लिहून झालेलं. रेवणप्पापुढं पाच हजार एक, युवराजपुढं दोन हजार, शिवलिंगप्पापुढं सात. 'पैसे' हा शब्द तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा जरा बारीक आला. शारदाबाई हात धुऊन येऊन दाराशी टेकल्या होत्या.

"वाचा."

त्यांनी वाचलं. खाली तारीख घालायला पेन उचललं.

"अन् मल्लिकार्जुनचं?"

"कुठला?"

"कळंबचा. लोखंडाच्या दुकानाचा. आईला घेऊन विमानानं मुंबईला गेला होता ना, डोळ्याच्या ऑपरेशनला?"

"त्याचं काय? त्याच्याकडून पै घेतली नाही मी."

"गच्चीवरचे पत्रे कुणी घातले?"

बाबूरावांना खरोखर आठवत नव्हतं, असं ते कुणाही समोर शपथेवर सांगू शकले असते. पत्रे होते, पावसाळ्यात वाजायचे, त्यांच्याखाली दोन यजमान कुटुंबं जास्तीची झोपायची. ते कुणीतरी घातले असणारच.

"ते त्यानं आपलेपणानं..."

"बिल मागितलं होतं का तुम्ही?"

"मागितलं होतं. नको म्हणाला."

"कधी?"

"ऑपरेशनहून आल्यावर." मग, कुणी न विचारताच, "पुढच्या आठवड्यात."

"वस्तूसुद्धा लिहिलंय त्या फॉर्मात. मी वाचलाय माझा," शारदाबाई म्हणाल्या.

तारखेच्या जागेवर त्यांनी चौथं नाव लिहिलं. पत्रे किती, हे त्यांना ठाऊक नव्हतं; शारदाबाईंनी जागेवरूनच सांगितलं, अठरा. तारीख मग समासात घातली, सही तिच्याखाली जेमतेम मावली. पहिला फोटो धूसर आला, दुसरा बरा. सहाला नऊ मिनिटं होती. पाठवल्यावर लगेच नीरजाचं उत्तर आलं, 'चार?' एवढंच. बाबूरावांनी 'हो' लिहिलं.

"द्या फोन इकडं," शारदाबाई म्हणाल्या. "अयोध्याला सांगायला पाहिजे. ती बाराकडं डोळे लावून बसलीय."

त्यांनी फोन दिला. त्या तिथंच पायरीवर बसल्या, रस्त्याकडं तोंड करून. समोर दर्शनाहून परतणारी माणसं कपाळभर मळवट घेऊन चालली होती, दोघातिघांनी बाबूरावांना हात जोडले, आणि त्यांनीही सवयीनं हात वर केला तो अर्ध्यावरच राहिला, कारण तिकडून अयोध्याचा आवाज आला होता, लांबचा, चिरका, काहीतरी उत्साहानं विचारणारा.

"नाही गं," शारदाबाई म्हणाल्या. "बाराला नाही जमत आता. विमानाचं बंद झालं आमचं... दोन वर्षं." त्या ऐकत राहिल्या. पलीकडची बरंच बोलत होती. 'कंपनी' हा शब्द बाबूरावांना दोनदा नीट ऐकू आला.

"नाही, कंपनीनं नाही केलं," शारदाबाई म्हणाल्या. "आमच्याकडूनच झालं."